परदेशात राहण्याचा व्हिसा : अर्जाच्या प्रत्येक पायरीवर स्वतः हजर राहा

आमच्या कचेरीत अधूनमधून एखादा तरुण पासपोर्टाची झेरॉक्स घेऊन येतो आणि विचारतो, "साहेब, हा व्हिसा खरा आहे का, बघून सांगा." बहुतेक वेळा पैसे देऊन झालेले असतात. मग आम्ही तरी काय सांगणार?

असाच एक वेल्डर काही वर्षांपूर्वी आला होता. २०१९ साली तो सौदी अरबला गेला आणि वर्षभरात परत आला. घरच्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवून, उरलेले उसने घेऊन अडीच लाख रुपये उभे केले होते. गावच्या एजंटाने सांगितले होते, "आझाद व्हिसा आहे, कुठेही काम कर." तिथे एका वर्कशॉपमध्ये त्याला वेल्डिंगचे काम मिळालेही. पुढे तपासणी झाली तेव्हा कळले की त्याच्या कागदावर हुद्दा होता 'आमिल मंजिली', म्हणजे घरकामगार. कफील वेगळा, काम वेगळे. तरहीलमधून, म्हणजे हद्दपारीच्या तुरुंगातून, तो रिकाम्या हाताने मुंबईला उतरला. आम्ही त्याला विचारले, "भाई, अर्ज कोणी भरला? करार कोणी वाचला?" तो म्हणाला, "मी फक्त रक्त द्यायला गेलो होतो. बाकी सगळे एजंटने केले."

हे उत्तर आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. म्हणून आज सौदी अरबच्या नोकरीच्या व्हिसाची वाट आम्ही पहिल्या पायरीपासून समजावून सांगत आहोत. आपले वेल्डर, सुतार, शिंपी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन याच वाटेने जातात. इतर आखाती देशांचे नियम थोडेफार वेगळे असले तरी सावधगिरी तीच आहे.

अर्ज कोणाचा असतो?

आधी एक गैरसमज दूर करू. नोकरीचा व्हिसा आपण वकिलातीत जाऊन मागायचा नसतो. त्याची सुरुवात तिकडचा मालक करतो. त्याला तेथील सरकारकडून अमुक हुद्द्याच्या इतक्या माणसांची मंजुरी मिळते. मग तो भारतातील एखाद्या परवानाधारक एजन्सीला त्या व्हिसांचे अधिकारपत्र देतो. याला 'वकाला' म्हणतात. इकडून त्या मंजुरीवर आपले नाव चढवले जाते.

दुसरी गोष्ट अशी की व्हिसा हा फक्त दरवाजा आहे. तिथे राहण्याचा खरा परवाना म्हणजे इकामा. तो तिकडे पोहोचल्यावर मालकाने काढायचा असतो. व्हिसावर जो हुद्दा आणि जो मालक असेल, तोच इकाम्यावर येतो. म्हणून 'आझाद व्हिसा' नावाचा कोणताही व्हिसा सौदी सरकार देत नाही. बाजारात जो विकला जातो तो कोणातरी कफिलाच्या नावाचाच असतो. त्याचे काम सोडून दुसरीकडे राबणे हा तिथल्या श्रम कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. कफिलाने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची तक्रार नोंदवली, की माणूस बेकायदा ठरतो.

पहिली पायरी : पासपोर्ट

पासपोर्टावरील नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि शाळेचा दाखला यांत एका अक्षराचाही फरक नसावा. आपल्याकडे 'शेख' हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. 'मोहम्मद'चेही तसेच. शाळेत एक, आधार कार्डावर दुसरे आणि पासपोर्टावर तिसरे असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. ज्यांच्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनीही तो भरून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टावर व्हिजिट व्हिसाने प्रवेश बंद केला, तेव्हा अनेकांना विमानतळावरून परतावे लागले. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावीच. दोन वर्षांच्या करारावर जाताना ती त्याहून जास्त असलेली बरी.

यानंतर पाहायचे ते ईसीआर की ईसीएनआर. जो दहावी पास नाही आणि इतर कोणत्याही सवलतीत बसत नाही त्याचा पासपोर्ट ईसीआर असतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना भारत सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते. दहावी पास, आयकर भरणारा, ५० वर्षांवरील किंवा तीन वर्षे परदेशात राहून आलेला माणूस ईसीएनआर ठरतो. त्याला ही मंजुरी लागत नाही.

ईसीएनआर म्हणजे मोठी सोय, असे आपण समजतो. पण वर सांगितलेला वेल्डर दहावी पास होता. त्यामुळे त्याचा करार कोणत्याही सरकारी कचेरीने पाहिलाच नाही. ज्याला मंजुरी लागत नाही त्याच्यासाठी करार तपासणारे दुसरे कोणी नसते, ते काम त्याने स्वतःच करायचे असते. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ईसीएनआरवाल्यांनाही स्वेच्छेने नाव नोंदवता येते. ते जरूर नोंदवावे.

दुसरी पायरी : एजंट आणि त्याची पावती

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरभरती करणाऱ्याला सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेटवर आहे. परवाना रद्द किंवा स्थगित झाला असेल तर तेही तिथे दिसते. नाव आणि परवाना क्रमांक घेऊन सायबर कॅफेत पाच मिनिटे बसले तर खरे-खोटे कळते. गल्लीतला सब-एजंट कितीही ओळखीचा असला, अगदी मामूचा मेहुणा असला, तरी या यादीत त्याचे नाव नसते आणि कायद्यात त्याला जागा नाही.

एजन्सीला घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर एकूण ३५,४०० रुपये. त्याची पावती देणे बंधनकारक आहे. जो पावती देत नाही त्याच्या हातात पैसा देऊ नये. पासपोर्ट कोणत्याही कामासाठी द्यावा लागला तर त्याचीही लेखी पोच घ्यावी.

तिसरी पायरी : हुद्दा वाचून घ्या

व्हिसाचा कागद अरबीत असतो म्हणून आपण तो वाचायच्या भानगडीत पडत नाही. पण आपल्यातील बहुतेकांनी लहानपणी मदरशात कायदा वाचलेला आहे, अरबी अक्षरे ओळखता येतात. मग हुद्द्याचा एक शब्द वाचायला काय हरकत आहे? वेल्डर म्हणजे 'लह्हाम', सुतार 'नज्जार', लोहार 'हद्दाद', शिंपी 'खय्यात', प्लंबर 'सब्बाक', इलेक्ट्रिशियन 'कहरबाई'. 'साइक खास' म्हणजे घरचा ड्रायव्हर, 'आमिल' म्हणजे साधा मजूर आणि 'आमिल मंजिली' म्हणजे घरकामगार.

हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. मार्च २०२१ पासून सौदीत जी सुधारणा लागू झाली तिच्यामुळे खासगी कंपन्यांतील कामगाराला एक वर्षानंतर ठराविक अटींवर नोकरी बदलता येते, मालकाच्या परवानगीवाचून मायदेशी येण्या-जाण्याचा परवाना मागता येतो. पण घरकामगार आणि घरचा ड्रायव्हर यांना त्या सुधारणेतून वगळले होते. म्हणजे कारागीर जर घरकामगाराच्या व्हिसावर गेला, तर हुनरही वाया गेला आणि हक्कही.

चौथी पायरी : हुनराची परीक्षा

पूर्वी वेल्डर आहे म्हटले की झाले. आता तसे नाही. सौदी सरकारने भारतातच कारागिरांची परीक्षा घेण्याची योजना आणली. सुरुवात प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मोटारीचे इलेक्ट्रिशियन आणि एसी-फ्रिज दुरुस्ती या धंद्यांपासून झाली, नंतर यादी वाढत गेली. एक भाग संगणकावरच्या प्रश्नांचा आणि दुसरा हाताने काम करून दाखवण्याचा असतो. १४ जानेवारी २०२५ पासून भारतातून जाणाऱ्यांसाठी व्यावसायिक पात्रतेची आगाऊ पडताळणी ही व्हिसाच्या अटींपैकी एक झाली आहे.

आमच्या कारागीर बंधूंना याची भीती वाटते. खरे तर ज्याच्या हातात काम आहे त्याला ही अट फायद्याची आहे. प्रमाणपत्र हातात असले की 'हेल्पर' म्हणून कमी पगारावर राबवण्याला आळा बसतो. अडचण येते ती प्रश्नांच्या भागात. उस्तादाकडे शिकलेल्याला काम येते, पण सुरक्षिततेचे नियम आणि अवजारांची पुस्तकी नावे येत नाहीत. आयटीआयमध्ये शिकलेल्या एखाद्या मुलाकडे महिनाभर संध्याकाळी बसून ती शिकून घ्यावीत.

पाचवी पायरी : वैद्यकीय तपासणी

आखाती देशांसाठीची तपासणी त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. पूर्वी लोक याला 'गमका' म्हणत, आता नोंदणी 'वाफिद' नावाच्या व्यवस्थेतून ऑनलाइन होते. पासपोर्ट घेऊन स्वतः जावे लागते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे होतो. क्षयरोग, एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ यांची चाचणी होते.

यात आपली माणसे अडकतात ती एक्स-रेमध्ये. लहानपणी क्षय होऊन पूर्ण बरा झाला असला तरी फुप्फुसावर डाग राहतो आणि तेवढ्यावरून 'अनफिट' शेरा पडतो. तो शेरा व्यवस्थेत नोंदला जातो. म्हणून आमचा सल्ला असा की एजंटाला एक पैसा देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडे छातीचा एक्स-रे आणि कावीळ, साखर यांची तपासणी करून घ्यावी. खर्च थोडा येतो, पण दागिने गहाण टाकण्याआधी खरे काय ते कळते. 'अनफिटचे फिट करून देतो' असे सांगणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. तिथे उतरल्यावर इकाम्यासाठी पुन्हा तपासणी होते आणि परत पाठवतात.

सहावी पायरी : बोटांचे ठसे

सौदीच्या नोकरीच्या व्हिसासाठी जानेवारी २०२४ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो देणे सक्तीचे झाले. त्यासाठी मुंबईसह काही शहरांतील ताशील केंद्रांत वेळ ठरवून जातीने जावे लागते. येथे भाऊ, चाचा किंवा एजंट कोणीही आपल्या जागी चालत नाही.

गवंडी, वेल्डर, चामड्याचे काम करणारे यांच्या बोटांच्या रेषा घासलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही आणि खेटे पडतात. तारखेच्या आधी आठ-दहा दिवस सिमेंट, चुना, रसायन यांपासून हात दूर ठेवावा, रात्री खोबरेल तेल लावावे. लग्नाची मेंदी ताजी असेल तर तीही अडथळा आणते.

या दिवसाचा आणखी एक उपयोग आहे. तुमच्या नावाचा भरलेला अर्ज समोर असतो. नाव, पासपोर्ट क्रमांक, हुद्दा, मालकाचे नाव हे चार रकाने स्वतः वाचावेत. चूक दिसली तर तिथेच थांबावे. ठसे देण्यापूर्वीची चूक एका दिवसात सुधारता येते, विमानात बसल्यावर ती दोन वर्षे भोगावी लागते.

आणखी एक खुलासा. मे २०२३ पासून सौदीने भारतीयांच्या पासपोर्टावर व्हिसाचा कागद चिकटवणे बंद केले. आता साध्या कागदावर छापलेला, क्यूआर चौकोन असलेला व्हिसा मिळतो. पासपोर्ट कोरा पाहून घाबरू नये. तसेच नुसत्या छापील कागदावर विश्वासही ठेवू नये. सौदी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून तो तपासता येतो.

सातवी पायरी : एमिग्रेशन मंजुरी

व्हिसा आल्यावर ईसीआर पासपोर्टवाल्याची मंजुरी ई-मायग्रेटमधून होते. तिथे करार नोंदला जातो : पगार, कामाचे तास, राहणे, जेवण, सुट्टी, परतीचे तिकीट. त्याची प्रत आपल्या भाषेत समजून घ्यावी आणि एक घरी ठेवावी. याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी सक्तीची असते. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. ही पॉलिसी बॅगेत न नेता घरी बायकोच्या किंवा वालिदांच्या हाती द्यावी. प्रसंग आला तर ती त्यांनाच लागणार आहे.

मंजुरीचा त्रास नको म्हणून व्हिजिट व्हिसावर पाठवणारे एजंट आहेत. 'तिथे गेल्यावर बदलून देऊ' असे ते सांगतात. असा माणूस गेला की त्याचा करार भारत सरकारकडे नाही, विमा नाही, मालक कोण याची नोंद नाही. पगार थकला तर दाद कोणाकडे आणि कशाच्या आधारावर मागणार?

तिथे उतरल्यावर

पहिल्या ९० दिवसांत इकामा हाती आला पाहिजे. सौदी श्रम कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे भरतीचा खर्च, इकामा आणि कामाचा परवाना यांची फी, त्यांचे नूतनीकरण आणि काम संपल्यावर परतीचे तिकीट हे सर्व मालकाच्या डोक्यावर आहे. इकाम्याचे पैसे पगारातून कापले जात असतील तर ते नियमाविरुद्ध आहे. 'किवा' या सरकारी व्यवस्थेवर कामगाराला आपला करार मोबाइलवर पाहता येतो. मुंबईत सही केलेला करार आणि किवावरचा करार एकच आहे का, हे पहिल्याच महिन्यात पडताळावे.

कुटुंब न्यायचे असेल तर

प्रत्येक हुद्द्याला कुटुंब आणण्याची परवानगी मिळत नाही. साधा मजूर किंवा ड्रायव्हर यांना कायम राहण्याचा कौटुंबिक व्हिसा सहसा मिळत नाही. ज्यांना मिळतो त्यांच्या बायको-मुलांनाही येथे ठसे द्यावे लागतात. नुसत्या निकाहनाम्यावर काम भागेलच असे नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत विवाहाची नोंद करून दाखला घ्यावा. सौदी अरब डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल करारात आल्याने आता त्या दाखल्यावर आपल्या परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल चालते. त्यानंतर अरबी भाषांतर करून घ्यावे.

जाण्यापूर्वी खर्चही मोजावा. सौदीने २०१७ साली प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल फी बसवली आणि दरवर्षी वाढवत २०२० पासून ती ४०० वर नेली. बायको आणि दोन मुले नेली तर वर्षाला १४,४०० रियाल नुसते फीचे झाले. या फीमुळे अनेकांनी बायका-मुले परत पाठवली.

शेवटी हिशेब

आपण व्यापारी आणि कारागीर माणसे. मालाचा भाव विचारल्याशिवाय सौदा करत नाही. मग आयुष्यातील दोन वर्षांचा सौदा बिनहिशेबी का करावा?

समजा पगार १,५०० रियाल आहे. जेवण, फोन आणि इतर खर्च ५०० गेले. हजार उरले. रियालचा भाव २३ रुपये धरला तर २३,००० रुपये झाले. त्यातून घरखर्चाला १३,००० पाठवले की कर्ज फेडायला महिन्याला १०,००० राहतात. अडीच लाखांचे कर्ज फिटायला २५ महिने लागतात, तेही बिनव्याजी असेल तर. करार २४ महिन्यांचा असतो. म्हणजे दोन वर्षे घाम गाळून माणूस कर्जातच परत येतो. तोच माणूस कायदेशीर फी, ३५,४०० रुपये, देऊन गेला तर चार महिन्यांत मोकळा होतो आणि पुढचे वीस महिने स्वतःसाठी कमावतो.

वाचक बंधूंनो, आम्ही कोणाला परदेशी जाऊ नका असे सांगत नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत पक्की घरे आणि शिकलेली मुले याच कमाईवर उभी राहिली आहेत. आमचे म्हणणे इतकेच की पासपोर्टाच्या खिडकीपासून ठशांच्या यंत्रापर्यंत प्रत्येक ठिकाणी स्वतः जावे, कागद स्वतः वाचावा, वाचता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मास्तरांकडून वाचून घ्यावा आणि प्रत्येक पावतीची एक झेरॉक्स घरी ठेवावी.

तो वेल्डर आता घराजवळच ग्रिल आणि शटरचे काम करतो. गहाण ठेवलेले दागिने गेल्या वर्षी सुटले. त्याचा धाकटा भाऊ प्लंबर आहे आणि त्यालाही जायचे आहे. मागच्या आठवड्यात दोघे भाऊ कचेरीत आले होते. या वेळी पैसे दिलेले नव्हते. थोरल्याने व्हिसाच्या मंजुरीचा कागद आमच्यासमोर टेबलावर ठेवला, हुद्द्याच्या रकान्यावर बोट ठेवले आणि धाकट्याला म्हणाला, "आधी हे वाच." त्याने अक्षरे जुळवत वाचले, 'सब्बाक'. मग आम्ही तिघांनी मिळून एजन्सीचा परवाना क्रमांक तपासायला घेतला.